माका कुठला आणि एकदांडी कुठली? दोन पांढऱ्या फुलांची नीट ओळख

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या सोसायटीतल्या एक काकू पार्किंगच्या कडेला उकिडव्या बसून पिशवीत पाला तोडून भरत होत्या. मी विचारलं काकू काय चाललंय, तर म्हणाल्या, "अगं माका मिळाला बघ, लेकीचे केस फार गळतायत बाळंतपणानंतर, तेल करून देते तिला." पिशवीत डोकावले तर सगळी एकदांडी. अर्धी पिशवी भरली होती आणि त्यात माक्याची एक काडी नव्हती. मला इतकं वाईट वाटलं, कारण त्या तासभर उन्हात बसल्या होत्या आणि पुढे तेल आटवण्यात दुपार गेली असती ती वेगळीच.

आणि ही चूक त्यांचीच आहे असं अजिबात नाही. मी बऱ्याच जणांना एकदांडी दाखवून "हा माका ना?" म्हणताना ऐकलंय. दोन्ही रानात, रस्त्याकडेला आपोआप येतात, दोन्हीची फुलं लहान आणि पांढरट, दोन्हीची पानं समोरासमोर जोडीने, दोन्ही हाताला खरखरीत लागतात. वनस्पतीशास्त्रातली नावंसुद्धा सारखाच अर्थ सांगणारी, माका म्हणजे एक्लिप्टा प्रोस्ट्राटा आणि एकदांडी म्हणजे ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स, आणि प्रोस्ट्राटा काय नि प्रोकम्बेन्स काय, दोन्हीचा अर्थ जमिनीवर आडवी पसरलेली. त्यामुळे नुसत्या रूपावर गेलं की फसायला होतं. पण फूल हातात धरून एक मिनिट नीट बघितलं तर परत आयुष्यात चूक होत नाही, म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. या दोघी सूर्यफुलाच्या कुळातल्या. झेंडू, शेवंती, करडई, कारळे, कासच्या पठारावरची पिवळीधमक सोनकी, सगळं याच घरातलं. आणि या कुळात आपण ज्याला "एक फूल" म्हणतो ते एक फूल नसतंच, तो बारीक बारीक फुलांचा गुच्छ असतो, एका बशीत दाटीवाटीने बसवलेला. पटत नसेल तर दसऱ्याचा झेंडू आठवा. तोरण वाळलं की आपण त्याच्या पाकळ्या उपटतो ना, तर प्रत्येक पाकळीच्या खाली एक काळी बारीक काडी चिकटून येते, ती मातीत टाकली की रोप येतं. म्हणजे ती पाकळी ही नुसती पाकळी नाही, तिला स्वतःचं बी धरतंय, ते एक अख्खं फूल आहे. सूर्यफुलात हे अजून सोपं दिसतं, कडेला पिवळ्या मोठ्या पाकळीवाली फुलं आणि मधल्या तबकडीत शेकडो नळीसारखी फुलं, ज्यांच्या पुढे बिया होतात. कडेची फुलं कीटकांना लांबून दिसावं म्हणून पाकळी पसरून उभी, मधली फुलं बियांचं मुख्य काम करणारी, साधारण अशी वाटणी. माका आणि एकदांडीत पण हेच आहे, फक्त सगळं छोट्या मापात.

आता एकदांडीचं फूल घ्या. मध्ये पिवळी तबकडी आणि कडेला फिक्या पिवळट-पांढऱ्या, दुधाच्या सायीच्या रंगाच्या पाकळ्या, बहुतेक वेळा पाच, कधी चार कधी सहा, पण मोजता येतील अशा आणि एकमेकींपासून सुट्या. प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दात असतात, कुणी बारीक कात्रीने दोन खाचा मारल्यासारखे. लांबून बघितलं तर फूल पिवळं आणि पांढरं असं दोन रंगी दिसतं.

माक्याचं फूल त्याहून बारकं, शर्टाच्या छोट्या बटणाएवढं, आणि त्यात पिवळा रंग जवळपास नाहीच. मधली तबकडी पांढरट-हिरवट आणि कडेला इतक्या बारीक पाकळ्या की मोजायला गेलं तर गोंधळ उडतो, दोन ओळीत बसलेल्या, दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या. झालर लावल्यासारखं दिसतं ते. घरात भिंग असेल तर अजून एक गंमत बघा, मधल्या नळीसारख्या फुलांची तोंडं. एकदांडीच्या नळीला पाच पाकळीटोकं असतात आणि माक्याच्या नळीला चार. हे बघायला डोळे ताणावे लागतात आणि ओळखायला त्याची गरज पण नाही, पण मी पहिल्यांदा भिंगाखाली बघितलं तेव्हा खूप वेळ तेच बघत बसले होते, एवढ्याशा बटणात इतकी बारीक कारागिरी.

पण खरं सांगू का, फुलाची पाकळी मोजायचीही गरज नाही. दांडी बघा. एकदांडीचं नावच तिची ओळख सांगतं. झाड जमिनीलगत पसरलेलं असतं आणि त्यातून एक लांबच लांब, बिनपानाची, केसाळ दांडी सरळ वर येते, वीतभर, कधी त्याहून जास्त, आणि तिच्या टोकावर एकच फूल. एक दांडी एक फूल. आम्ही लहानपणी ती दांडी तोडून, फुलाच्या खाली वळसा घालून, अंगठ्याने फूल फटकन उडवायचो, कुणाचं लांब जातं ते बघायला. माक्याच्या फुलाने हा खेळ खेळताच येत नाही कारण त्याची दांडी असते बोटाच्या पेराएवढी किंवा थोडी जास्त, आणि ती पानाच्या बेचक्यातून निघते, कधी एक कधी दोन दोन फुलं शेजारी. म्हणजे माक्याचं फूल पानांमध्येच बसलेलं असतं आणि एकदांडीचं फूल पानं सोडून वर हवेत डोलत असतं. चालता चालता सुद्धा हा फरक कळतो, वाकायला पण लागत नाही.

फूल संपल्यावरचा फरक तर अजून भारी आहे. एकदांडीचं फूल सुकलं की त्या दांडीवर एक करडा-पांढरा मऊ गोळा तयार होतो, प्रत्येक बीला पिसासारखे केस असतात, आपल्या रुईची म्हातारी उडते ना तशी तिची पण बारीक म्हातारी, फुंकर मारली की सुटते. म्हणून तर दांडी एवढी उंच, वारा नीट लागावा म्हणून. माक्याच्या बीला हे केस नाहीत. फूल गेलं की मागे राहतो एक हिरवा चपटा गोल, छोट्या सूर्यफुलाच्या चक्तीसारखा, त्यात बिया एकमेकींना चिकटून ओळीने बसलेल्या, पिकल्या की काळपट होतात आणि तिथेच खाली गळतात, पाण्याबरोबर चिखलाबरोबर पुढे जातात. एक्लिप्टा हे नावच मुळी ग्रीक भाषेतल्या "उणं असणं" या अर्थाच्या शब्दावरून आलंय असं सांगतात, म्हणजे बीला म्हातारी नाही, ती उणी आहे म्हणून. मला हे कळलं तेव्हा मजा वाटली, की ज्या खुणेवरून आपण ओळखतो तीच तिच्या नावात बसलीय.

आता समजा फूल नाहीये, नुसता पाला आहे, तेव्हा काय करायचं? तर पान बघायचं. माक्याचं पान अरुंद, लांबट, भाल्याच्या पात्यासारखं, आणि त्याला देठ जवळजवळ नसतोच, ते खोडाला थेट चिकटलेलं असतं. कडेला दाते असतात पण अगदी हलके. एकदांडीचं पान रुंद, त्याला छोटा देठ असतो, आणि कडा वेड्यावाकड्या मोठ्या दात्यांची, कुठे कुठे तर फाटल्यासारखी. माक्याचं खोड बऱ्याचदा लालसर-जांभळट असतं.

आणि यानंतर आमच्या आजीची परीक्षा, जी मी कुणालाही माका शोधायचा असेल तर पहिल्यांदा सांगते. माक्याची दोन पानं घ्यायची आणि तळहातावर अंगठ्याने जोरात रगडायची. आधी हिरवा रस निघतो, कुठल्याही पाल्याचा निघतो तसाच. मग हात तसाच ठेवायचा आणि थांबायचं. थोड्या वेळात तो हिरवा रस काळपट व्हायला लागतो, आधी कडेने, मग सगळाच, आणि शेवटी तळहातावर शाई सांडल्यासारखा डाग पडतो जो साबणाने लगेच जात नाही. खोड मोडून ठेवलं तरी मोडलेलं टोक काळं पडतं. सफरचंद कापून ठेवलं की लाल पडतं ना, तसंच रसाला हवा लागते आणि रंग बदलतो. एकदांडीचा रस असा काळा होत नाही, कितीही वेळ थांबा. आजी माका वाटायला बसली की तिची बोटं पुढचे दोन दिवस काळी असायची आणि त्यावरून शेजारणींना कळायचं की हिने तेल केलंय. केस काळे करणारी वनस्पती म्हणून माक्याची जी ख्याती आहे, संस्कृतात त्याला भृंगराज म्हणतात आणि केशराज पण म्हणतात, त्याच्या मागे हा काळा पडणारा रस असणार असं मला फार वाटतं. म्हणजे हे माझं मत, पण हात काळा झालेला बघितला की कुणाच्याही मनात तेच येईल.

काकूंना पण मी तिथेच हे करून दाखवलं. आमच्या सोसायटीच्या मागे पावसाळी पाण्याची नाली आहे, तिच्या कडेला माका होता, तो आणला. त्यांच्या एका हातावर एकदांडी रगडली आणि दुसऱ्या हातावर माका, आणि आम्ही दोघी पायरीवर बसून वाट बघत राहिलो. एक हात हिरवाच, दुसरा हळूहळू काळा. काकू म्हणाल्या, "अगोबाई, म्हणजे गेली चार वर्षं मी कशाचं तेल लावतेय?"

आणि तो माका नालीच्याच कडेला का सापडला हा पण मुद्दा आहे. माक्याला पाय ओले लागतात. भातखाचरांचे बांध, ओढ्याकाठ, विहिरीचं पाणी सांडतं ती जागा, नळाखालचा चिखल, कालव्याची कड, असं कुठेही ओल असली की तो येतो, आणि भातशेतीत तर शेतकरी त्याला तण म्हणूनच ओळखतात. एकदांडी बरोबर उलट. मुरूम, दगडी बांध, रस्त्याची खडी, बांधकामाचा राडारोडा, फुटपाथच्या फटी, जुन्या वाड्याची भिंत, जिथे दुसरं काही येत नाही तिथे ती येते आणि वर्षभर फुलते. तिला दगडी पाला म्हणतात ते काही उगाच नाही. पावसाळ्यात मात्र सगळीकडेच ओल असते त्यामुळे दोघी शेजारी शेजारी दिसू शकतात आणि नेमका तेव्हाच सगळ्यांना माका हवा असतो. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या रस्त्याच्या कडेला कुणी "माका" दाखवला तर तो बहुतेक माका नसतो, एवढं धरून चाला.

दोघींचा इतिहास पण अगदी वेगळा. माका आपल्या जुन्या वैद्यकात पक्का बसलेला आहे, वाग्भटाच्या अष्टांगहृदयात त्याच्या रसाचा रसायन म्हणजे शरीराला बळ देणारं औषध म्हणून उल्लेख आहे, श्राद्धात माका लागतो, गणपतीच्या पत्रीत लागतो. एकदांडी मात्र मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७५३ साली तिला नाव दिलं ते तिकडच्याच झाडावरून. म्हणजे मिरची, बटाटा, टोमॅटो ज्या खंडातून आले त्याच खंडातून ही पण आली, फक्त तिला कुणी मुद्दाम जपून लावलं नाही, तिने आपली आपणच जागा केली. म्हणून जुन्या ग्रंथांत ती असायचा प्रश्नच येत नाही. अमेरिकेच्या सरकारने तर तिला उपद्रवी तणांच्या राष्ट्रीय यादीत टाकलंय.

तरीपण एकदांडीला मी वाईट म्हणणार नाही. गाजर गवतसुद्धा त्याच बाजूने आलेलं आणि त्याच कुळातलं, १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा दिसलं आणि मग देशभर पसरलं, त्याने माणसांना त्वचेचे आणि श्वासाचे त्रास होतात, जनावरांनाही अपाय होतो. एकदांडीचं तसं नाही. उलट इतकी वर्षं इथे राहून तिला आपल्या लोकांनी घरची नावं दिली, एकदांडी, दगडी पाला, कंबरमोडी, कुठे जखमजोडी. शेतात विळा लागला की हिचा पाला चोळून जखमेवर दाबायची पद्धत गावोगावी आहे, मी स्वतः माझ्या काकाला करताना पाहिलंय, आणि आजही डोंगर चढताना कुणी ना कुणी ते करतंच. आणि फुलपाखरं! मोकळ्या प्लॉटवर सकाळी ऊन आल्यावर दहा मिनिटं उभं राहा, एकदांडीच्या दांड्यांवर बारीक निळी आणि पिवळी फुलपाखरं एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जात असतात, कारण बाकी काही फुललेलं नसतं तेव्हा पण ही फुललेली असते. सोसायटीचा माळी तिला मुळासकट काढायला लागला की माझा जीव खाली-वर होतो, म्हणते एक कोपरा तरी ठेवा.

गणपतीच्या पत्रीचं सांगायचं राहिलं. एकवीस पत्रींमध्ये माका येतो, "गणाधिपाय नमः" म्हणून जी पत्री वाहतात ती भृंगराजाची. आता शहरात पत्रीची जुडी विकत मिळते, आणि गेल्या तीन-चार वर्षांत मी आणलेल्या जुड्यांमध्ये दोनदा माक्याच्या जागी एकदांडी निघाली, एकदा तर ना माका ना एकदांडी, भलताच पाला होता. विकणारी माणसं पहाटे उठून मिळेल ते तोडून आणतात, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण मला असं वाटतं की पत्री वाहण्याच्या निमित्ताने पावसाळ्यात एकवीस झाडं शोधायला बाहेर पडायचं आणि ती हाताने ओळखायची, ही त्यातली खरी सुंदर गोष्ट होती, आणि जुडी विकत आणून न बघता वाहिली की नेमकी तीच हरवते. यावर्षी मी माझ्या भाच्याला घेऊन गेले, वय वर्षं नऊ, त्याला फक्त तीन प्रश्न शिकवले. दांडी लांब की आखूड? मध्ये पिवळं आहे का? हात काळा होतो का? त्याने पाच मिनिटांत माका शोधला आणि घरी येऊन सगळ्यांना काळा हात दाखवत फिरला.

अजून एक गोंधळ, थोडक्यात सांगते. पिवळा माका म्हणून पण एक वनस्पती आहे, पीत भृंगराज, तिचं फूल पूर्ण पिवळं असतं आणि ती पण ओलीत येते, तिचं आत्ताचं शास्त्रीय नाव स्फॅग्नेटिकोला कॅलेन्ड्युलेसिया. पण बागेत, हायवेच्या दुभाजकावर, बंगल्यांच्या कुंपणाला जी चकचकीत हिरवी पिवळ्या फुलांची वेल गालिच्यासारखी पसरलेली दिसते, नर्सरीवाले जिला वेडेलिया म्हणतात, ती पिवळा माका नाही. ती तिची अमेरिकन बहीण, स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा, शोभेसाठी आणलेली आणि जगातल्या सगळ्यात त्रासदायक आक्रमक झाडांच्या यादीत नाव असलेली. ओढ्याकाठी एकदा शिरली की खालचं काहीच उगवू देत नाही, माका सुद्धा नाही. ती तोडून कुणी औषध म्हणून वापरू नका आणि शक्यतो लावू पण नका. खऱ्या पिवळ्या माक्यातून १९५६ साली रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक रासायनिक द्रव्य वेगळं काढलं, वेडेलोलॅक्टोन नावाचं, आणि तेच पुढे पांढऱ्या माक्यात पण सापडलं, यकृतावरच्या अभ्यासात त्याचं नाव सारखं येतं. पण म्हणून नालीकडचा माका आणून रस काढून प्यायचा असं कृपया करू नका. नालीच्या पाण्यात काय काय असतं ते आपल्याला माहीत आहे, आणि पोटात घ्यायचं औषध वैद्याला डॉक्टरला विचारूनच घ्यायचं. केस गळत असतील आणि थांबत नसतील तर रक्त तपासून घ्या, बाळंतपणानंतर केस गळणं फार बायकांचं होतं आणि बरेचदा काही महिन्यांत आपोआप कमी होतं.

तेलासाठी हवाच असेल तर माका घरी लावणं सगळ्यात चांगलं आणि ते खूप सोपं आहे. पेरं असलेली ओली काडी तोडायची, एक पेर मातीत जाईल अशी खोचायची, माती सुकू द्यायची नाही. पेरातून मुळं फुटतात. तेल करताना धुऊन, पाणी पूर्ण निथळू देऊन मग वाटायचा, खोबरेल तेलात अगदी मंद आचेवर ठेवायचा आणि चुरचुर आवाज पूर्ण थांबेपर्यंत आटवायचं, आवाज येतोय म्हणजे पाणी आहे आणि पाणी राहिलं की तेल खवट होतं, आजी त्या आवाजावर कान लावूनच बसायची.

काकूंनी त्या दिवशीची एकदांडीची पिशवी गांडुळखताच्या खड्ड्यात रिकामी केली आणि माझ्याकडून माक्याच्या चार काड्या नेल्या. कुंडी ठेवायला जागा कुठे तर बाल्कनीत एसीचं पाणी ठिबकतं तिथे, कारण तिथे कायम ओल. दिवाळीनंतर त्यांच्याकडे गेले होते तर कुंडी भरून माका, सगळ्या बेचक्यात पांढरी बटणं, आणि त्यांनी तो अजून तोडलाच नव्हता. म्हणाल्या, "आधी बी धरू दे, वरच्या मजल्यावरच्या दोघींना पण द्यायचंय."